सतरा तास पंचवीस मिनिटं

तीर्थस्वरूप मामांस,

लांबून, आणि उभ्या उभ्याच, नमस्कार. (बसलं की पाय हलत राहतो आणि अक्षर बिघडतं.) तुमचा रक्तदाब आणि मामीची कंबर ठीक असावी, नसल्यास आकड्यांत कळवावं, ‘बरं चाललंय’ असं कळवू नये. फोनवर तुमच्या शेजारी आई कान देऊन बसलेली असते, म्हणून पत्र.

विमान सकाळी दहाला सुटतं, दुपारी तीनला पोचतं, म्हणजे पाच तास, आणि तरी भाची येत नाही, असं तुम्ही अख्ख्या इमारतीत सांगितलंय म्हणे. मामा, तुमची घड्याळं माझ्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे आहेत. उड्डाण साडेदहा तासांचं आहे. अंतर आठ हजार सहाशे चाळीस किलोमीटर, तेही पृथ्वीच्या गोलाईवरून. (भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवून काढलेला तुमचा आकडा कृपया आणखी कोणाला देऊ नका.) पण हा नुसता विमानाचा हिशेब झाला. माझ्या दारापासून आईच्या खाटेपर्यंत सतरा तास पंचवीस मिनिटं लागतात. सोळा तारखेला तिचा गुडघा बदलणार. त्या दिवशी काही बिनसलं आणि तुम्ही फोन केलात, तर मी एवढी उशिरा पोचणार. आकडा काही पटेना, म्हणून रविवारी रंगीत तालीम घेतली.

तालीम म्हणजे तिकीट सोडून सगळं. सामान खऱ्या वजनाचं हवं, म्हणून तीन किलोच्या बॅगेत आमच्या प्रयोगशाळेतलं वीस किलोचं प्रमाण वजन ठेवलं. (माझं काम वजनकाटे तपासण्याचं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, विमानतळावरच्या पहारेकऱ्याला नव्हतं.)

“यात काय आहे?”

“वीस किलो.”

“वीस किलो काय?”

“नुसते वीस किलो.”

“आणि चाललात कुठे?”

“कुठेच नाही.”

यानंतर मला एका खोलीत बसवण्यात आलं. एक तास पन्नास मिनिटं. तिथल्या थोराड अधिकारीण बाईंनी वजन उलटसुलट पाहिलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अगं, तिकीट काढायचं सोडून ही धोंड कशाला वाहतेस?” (प्रश्न तांत्रिक नव्हता, म्हणून उत्तर दिलं नाही.) हा वेळ मी एकूण आकड्यात धरलेला नाही.

बाकी सर्व ठीक.

तुमची भाची

ता. क. आई मला म्हणाली, “गुडघाच तर आहे, उगीच येऊ नकोस.” हे म्हणताना ती कुठे बघत होती, तेवढं कळवा. फोनवर दिसत नाही.

ता. क. २. टपालाला अकरा दिवस लागतात, असं खिडकीवर आत्ताच समजलं. सोळा तारीख सहा दिवसांवर आहे. तेव्हा हे पत्र मीच घेऊन येते. (एवढ्या ता. क.चा फोटो तुमच्या मोबाइलवर आधी पाठवते आहे.) परवा दुपारी तीन. आईला सांगू नका. ती येऊ नकोस म्हणेल आणि मी ऐकेन.