माझ्या नावाखालची ओळ

प्रिय आई,

मी मजेत आहे. गुडघा बरा आहे आणि घरमालकीण बाई पोटभर खायला घालतात. बाबांचा खोकला कमी झाला का?

आमचा फुटबॉल क्लब बाराव्या नंबरवर आहे. आता वर चढणं नाही की खाली घसरणं नाही. पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं, एवढंच ठरायचं आहे. ती यादी शुक्रवारी लागेल.

शनिवारी मी आपल्याच जाळ्यात गोल मारला, ते तू पेपरात वाचलंच असशील.

सामन्याच्या पुस्तिकेत प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली त्याच्या शर्टाचा खर्च उचलणाऱ्याचं नाव छापतात. माझ्या नावाखाली ऑगस्टपासून कोरी जागा होती. या मंगळवारच्या सामन्याला तिथे छापून आलं, ‘कोपऱ्यातल्या झेंड्यामागची म्हातारी मंडळी’. मैदानाच्या कोपऱ्याशी बसून वर्षभर मला ओरडणारी हीच ती माणसं!

सामना संपल्यावर मी आभार मानायला गेलो. त्यांच्यातले हॅलम आजोबा म्हणाले, “आभार कसले, पोरा? शिव्या घालायला हक्काचा माणूस नको का आम्हाला?”

मागून कोणीतरी ओरडलं, “आधी त्याला आपलं जाळं कुठलं ते दाखवा!”

सगळे हसले, मीही हसलो. मग आजोबांनी माझा हात धरून विचारलं, “पुढच्या वर्षी आहेस ना?” “शुक्रवारी यादी लागली की सांगतो,” मी म्हणालो.

ते पान सोबत पाठवतो आहे. शुक्रवारी माझं नाव आलं नाही, तरी ते जपून ठेव. बाबांना चष्मा लावून खालची ओळ वाचायला सांग.

तुम्हा दोघांची रोज आठवण काढणारा,
डेरेक