बाबांचा बॉयलर, माझा परिचय

ती. बाबांना नमस्कार,

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. हवामान बदल रोखणाऱ्या कामांना देणग्या देणाऱ्या आमच्या संस्थेने मला संचालक केलं. वेबसाइटसाठी सगळ्या संचालकांचे परिचय हवे होते. बाकीचे बँकांतून, विद्यापीठांतून आलेले. मी लिहिलं, "वडील कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलर सांभाळायचे. त्या पगारावरच मी शिकले."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "ही ओळ काढू या का? लोक नावं ठेवतील."

"मग मलाही काढा," मी म्हटलं. त्यांनी ओळ ठेवली.

कोळशाची तशी केंद्रं बंद व्हावीत म्हणूनच मी राबते, हे तुम्ही जाणता. तुमच्या मनाला लागलं तर नाही ना?

तुमच्या खोकल्याचं विचारलं की आई विषय बदलते. तुम्हीच खरं कळवा.

तुमची,
धाकटी