पंधरावी काठी

पुणे, ६ एप्रिल २०२६

तीर्थरूप आबा आणि आई यांस,
दीपमालाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही 'बरं शे' म्हणता आणि लगेच तो आईच्या हातात देता, म्हणून आपली पत्रंच बरी. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत.

बातमी अशी, की आम्हा हौशी लोकांची गोल्फची मोठी स्पर्धा यंदा सुरतेला आहे. बायकांत जी पहिली येईल ती संघातून दिल्लीला खेळायला जाणार. इतकी वर्षं रविवारच्या झोपा मोडल्या त्या याचसाठी. आबा, हे मला फार हवं आहे. आखाजीच्या सणाला माहेरी येताना खेळाची पिशवी घेऊनच येईन आणि कोरीटहून परस्पर सुरत गाठीन.

इथे सध्या एकच चर्चा आहे. मागच्या महिन्यात एका व्यावसायिक खेळाडूने शेवटच्या दिवशी उंच गवतातून चेंडू असा उचलला की बघत राहावं, आणि स्पर्धा जिंकली. दुसऱ्याच दिवशी त्याची ती नवी काठी दुकानाच्या काचेत, वर त्याचा हसरा फोटो. आता आमच्यात ज्यांचा चेंडू हमखास तळ्यात जातो तेही ती काठी मिरवतात. चेंडू तळ्यातच जातो, फक्त जरा लांबून. मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू? पण त्याची मनगटं दुकानात मिळत नाहीत. शिवाय माझ्या पिशवीत जागा नाही.

आईने उन्हात पापड करत बसू नये. दोघांची माया आहेच, ती अशीच असू द्या.

तुमची,
दीपा


कोरीट, १२ एप्रिल २०२६

चि. सौ. दीपमाला हिस,
आबाचे अ. उ. आ.

पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. आम्हीही आता टीव्हीवर गोल्फ बघतो. समोर अडवायला कोणी नसताना माणसं एवढी घाबरतात कशाला, हे आईला कळत नाही. तो गडी स्वतःशीच खेळतो असं मी समजावलं, तर म्हणाली, मंग घरमाच खेळ म्हना त्याले.

काठीचं वाचून हसू आलं. आपल्याकडे ज्याच्या मिरचीला प्रदर्शनात बक्षीस लागतं, त्याच्या बांधावर लगेच बियाण्याच्या कंपनीची पाटी उभी राहते आणि पुढच्या साली सारं गाव तेच बी आणतं. तो माणूस दिवस दिवस वाफ्यात वाकलेला असतो, हे पाटीवर कोण लिहितो? मी असल्या पाट्यांना कधी भुललो नाही. पण परवा त्या जिंकलेल्या गड्याचा फटका पाहिला आणि वाटलं, काठीतही काहीतरी असेलच.

आणि तुझं ते जागा नाही! दर आखाजीला हेच म्हणतेस, तरी आई सांजोऱ्या आणि मिरचीपूड कोंबतेच. लेकीची पिशवी आली तशी परत धाडायची आपली रीत नाही. तुझा चुलतभाऊ नवल सुरतेहून सणाला येतो आहे. स्पर्धेत तुझी पिशवी तोच उचलेल, मी त्याला सांगितलं आहे.

लवकर ये. झोका बांधून ठेवला आहे. आमचा जीव तुझ्यात आहे हे वेगळं काय लिहू?

तुझा,
आबा


पुणे, २८ एप्रिल २०२६

तीर्थरूप आबा आणि आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर घाईत एवढंच सांगितलं, की दुसरी आले. दोन फटक्यांनी हुकलं. संघात नाव नाही. फार वाईट वाटलं. पण आजवर इतकी चांगली मी कधीच खेळले नव्हते, हेही खरं.

पिशवीत टॉवेलाखाली ती नवी काठी सापडली. आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली, तोंडाला हळदकुंकू लावलेली. आबा, तुम्ही? पाटीला न भुलणारे? मैदानातच डोळे भरून आले. काठी फार सुंदर आहे. नवीन काठीला हात बसायला वेळ लागतो, म्हणून त्या दिवशी वापरली नाही. बाकी जे हरले ते माझ्याच हाताने, कोणाचा दोष नाही.

सांजोऱ्या संपल्या. मुलांनी आजीला पापी पाठवली आहे. लेकीवर लोभ राहू द्या.

तुमची,
दीपा


कोरीट, ५ मे २०२६

चि. सौ. दीपमाला हिस,
आबाचे अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी नवलही आला. दीपाने काठी निदान एकदा तरी मारून बघायची होती, असं मी त्याला म्हटलं. तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

पिशवीत चौदाच काठ्या चालतात. पंधरावी नुसती पडून असली तरी दंड. आम्हाला काय ठाऊक? मला वाटलं, पोर दरवर्षीसारखीच म्हणते आहे जागा नाही म्हणून. या वेळी खरंच नव्हती.

पहिले दोन खड्डे खेळून झाल्यावर, तिसऱ्याआधी टॉवेल काढताना ती तुला दिसली. आसपास कोणाचं लक्ष नव्हतं म्हणे. नवलने ती झुडपात सारायचं सुचवलं. तू मात्र सोबत खेळणाऱ्या बाईंना हाक मारून स्वतः सांगितलंस. खड्ड्यामागे दोन, असे दंडाचे चार जादा फटके तुझ्या नावावर चढले, आणि हुकलं ते दोनाने.

एवढ्या वर्षांच्या तुझ्या मेहनतीवर मी स्वतःच्या हाताने, हळदकुंकू लावून, पाणी ओतलं. पण पोरी, ऊरही भरून आला. परक्यांपासून क्षणभर काही लपवलं नाहीस, आणि बापाला लागू नये म्हणून सगळं एकटीने गिळलंस. बियाण्याच्या पाट्या आयुष्यभर पाहिल्या, आता वाटतं आपल्या दारावरच एक लावावी.

आईला हिशेब समजावून दिला. ती म्हणाली, मंग मन्ही पोर पहिलीच उनी. तिला गोल्फ कळायला लागला बघ.

ती काठी पाठवून दे, कैऱ्या पाडायला होईल. पुढच्या आखाजीला पिशवी जरूर आण. निघताना काठ्या मी स्वतः मोजीन. पापडांचं मात्र आईला सांगून पाहतो.

तुझाच,
आबा