उजव्या दंडावरचे डाग

रोहिणखेड, माघ वद्य पंचमी

प्रिय चिंतू,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड काल मिळालं. गुरुवारी नागपूरहून निघतो म्हणतोस, आणि वर ऐट अशी, की मी टोचलेला माणूस, मला देवीची कसली भीती! कारकुनी शिकलास, पण धीर धरायला काही शिकला नाहीस. आधी हे पत्र पुरतं वाच, मग ट्रंकेला हात लाव.

आई बरी आहे. तुझी समजूत काढायला लिहीत नाही, खरंच बरी आहे. दाराला कडुनिंबाचे डहाळे आहेत, घरात फोडणी बंद आहे, आणि पोरांना देऊळगावला सासूबाईंपाशी ठेवून मी अकरा दिवस तिच्या उशाशी बसले आहे. देवीचे फोड आले ते इतके थोडे, की मी बसल्या जागी मोजले. आता खपल्या धरताहेत. देवी टोचणारे उत्तमराव तिचा दंड उजेडाकडे वळवून किती तरी वेळ बघत राहिले. तिथे पन्नास वर्षांपूर्वीचा एकच पुसट डाग आहे. ते म्हणाले, एकदा टोचलं की जन्माची काळजी मिटली असं लोक धरून चालतात, ते चूक. सात-दहा वर्षांत जोर ओसरायला लागतो, म्हणून पुन्हा टोचून घ्यावं. पण ओसरला तरी थोडा उरतोच. मी थक्क झाले रे. आईला स्वतःचं लग्न कोणत्या साली झालं ते सांगता येत नाही, आणि तिच्या अंगाने पाळण्यातली एक टोचणी एवढी वर्षं ध्यानात ठेवली!

शेजारच्या पुष्पाबाईंचा रामराव मात्र नवव्या दिवशी गेला. तुझ्याच वयाचा, धडधाकट गडी. त्याला कधीच टोचलेलं नव्हतं. पुष्पाबाईंचं रडणं ऐकू आलं की आई भिंतीकडे तोंड करून पडते.

मग उत्तमरावांनी मला टोचलं. वाटलं, आता दंड सुजणार, ताप भरणार. तिसऱ्या दिवशी जरा खाज सुटली आणि संपलं. ते म्हणाले, सूज-ताप येतो तो पहिल्यांदा टोचणी लागते तेव्हा; तुमचं अंग जुनी ओळख विसरलेलं नाही. माझ्या डाव्या दंडावर दोन जुने डाग, उजव्यावरही दोन. दुसऱ्यांदा कधी टोचलं, असं त्यांनी विचारलं. मी आईकडे पाहिलं. तिने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

तुला आठवतं का, दर हिवाळ्यात तुला मामाच्या मळ्यात हुरड्याला धाडायचे आणि मला नाही? मी हात-पाय आपटून रडायचे. त्याच दिवसांत गावात टोचणारे यायचे. आपला थोरला भाऊ टोचल्यानंतर महिन्याभराने पटकीत गेला. त्याचा टोचण्याशी काही संबंध नव्हता, पण आईच्या मनात भीती बसली ती बसलीच.

तू सहा वर्षांचा झालास आणि शाळेने देवीचा दाखला मागितला. आईने माझे केस तुझ्या टोपीत कोंबले, तुझा सदरा मला चढवला आणि गावात नव्या आलेल्या टोचणाऱ्यापुढे माझा उजवा दंड धरला. दाखला तुझ्या नावाचा, डाग माझ्या दंडावर. तुझ्या कातडीवर डाग टिकत नाहीत, हे आईने तुला सांगितलेलं खोटं आहे. तिने मला गळ्याची शपथ घातली होती, म्हणून बावीस वर्षं गप्प राहिले. मनात रागही होता, की लेकाला जपलं आणि मला दोनदा टोचलं. आज त्याच टोचणीच्या जिवावर मी तिच्याजवळ धडधाकट बसले आहे. काल तिनेच शपथ सोडवली. म्हणाली, "शके, त्याले लिहून टाक. मी लपवला व्हता त्याले. आता माह्यापायी त्याले काही झालं, तं मी कोनाले तोंड दाखवू?" दिवसातून दहा वेळा तुझं नाव घेते, तरी हे म्हणाली. चिंतू, तुला कधीच टोचलेलं नाही. उद्याच दवाखान्यात जा, टोचून घे, आणि खपली गळून पडेपर्यंत इकडे फिरकू नकोस. दंड सुजला, ताप आला असं तुझं कार्ड येईल, त्या दिवशी आई पोटभर जेवेल.

तुझीच,
शकूताई