फोनांचं कपाट

५ शव्वाल, रविवार

नोकरी मिळाली! यांबूहून ताइफला येऊन जेमतेम आठवडा झाला आणि लागलेही कामाला. अरीज म्हणाली होती, घटस्फोट घेऊन आलेल्या पस्तिशीच्या बाईला नोकरी मिळणं म्हणजे उंटाला शिंगं फुटणं. माझ्या धाकट्या बहिणीची जीभ ही अशी आहे. फुटली म्हणावं शिंगं, बघ आता!

काम सोपं आहे. बायकांचा लग्नाचा हॉल. दारात उभं राहायचं, येणाऱ्या प्रत्येकीचा फोन काढून घ्यायचा आणि हातात बिल्ला द्यायचा. आत सगळ्या अबाया उतरवून, केस मोकळे सोडून नाचणार. एकीने जरी चोरून फोटो काढला तरी दोन घरांत रक्त सांडेल. मालकीण उम्म मिशारी, साठीची आहे. जी येते ती आधी तिच्या डोक्याचं चुंबन घेते, कारण अर्ध्या ताइफची लग्नं तिनेच जुळवलीत. मला म्हणाली, बाईची अब्रू हीच आपली कमाई, पोरी. मला तर भरूनच आलं.

अरीजचं घर लहान आहे, पण छान. स्वयंपाकघराची खिडकी नीट लागत नाही, त्यामुळे सकाळी सकाळी गुलाबाच्या मळ्यांचा वास थेट चुलीपर्यंत येतो. हजनंतर तिचं सत्तामशी लग्न आहे. आईबाप नाहीत, तुर्की नावाचा एकुलता भाऊ, तो तिकडे तबूकला फौजेत. म्हणजे सगळं मलाच बघायचंय. कागदाची वही ठेवली तर बाईसाहेब वाचून खिदळतात, म्हणून ही रोजनिशी फोनात लिहितेय. सहा आकडी कुलूप आहे. वाच आता!

९ शव्वाल, गुरुवार

पहिलं लग्न झालं. शी! बायका दिसतात पऱ्या आणि फोन बघावेत तर उकिरडे. काचेवर चेहऱ्याचा रंग, कडांना खजुराचा चिकटा, एकाचा कोपरा तर पोराने चघळून ओला केलेला. मला उष्टं भांडं चालत नाही, आणि इथे दोनशे बायकांचे उष्टे फोन! प्रत्येक फोन औषधाने पुसून मगच खणात ठेवला. सल्हा मावशी, इथे कहवा वाटतात त्या, पोट धरून हसल्या. त्यांच्याकडे फोनच नाही. म्हणाल्या, मला शोधायचं असेल त्याने ओरडावं.

कपाट मात्र बघण्यासारखं आहे. भिंतभर खण, प्रत्येक खणात एक तार. लग्न संपेपर्यंत फोन फुकट चार्ज होऊन मिळतो, केवढं हे उम्म मिशारीचं मन! एवढंच, की तार लावली की फोन विचारतो, या यंत्रावर विश्वास ठेवायचा का? तेव्हा बाईने स्वतः आपला आकडा टाकून ‘हो’ म्हणायचं. नाहीतर चार्ज होत नाही, असं उम्म मिशारीने मला पहिल्याच दिवशी पढवलंय. रात्रभर तेच बडबडत होते, हो दाबा, हो दाबा. कुणी वाचतही नाही, सगळ्यांचं लक्ष आरशाकडे. माझा फोन पहिल्या खणात. नोकरीचा एवढा तरी मान हवा.

१६ शव्वाल, गुरुवार

आज अरीज पाहुणी म्हणून आली होती, तिच्या मैत्रिणीचं लग्न होतं. हिरव्या झग्यात अशी दिसत होती की मीच मनातल्या मनात माशाअल्लाह म्हटलं. पण दारात अडून बसली. म्हणे, वीज घ्यायला विश्वास कशाला लागतो? मागे रांग लागलेली, पाय दुखत होते. मी खेकसले, शहाणपणा पुरे, मी उभी आहे ना इथे? तिने माझ्याकडे बघितलं आणि हो दाबलं. खण बारा.

१९ शव्वाल, रविवार

उम्म मिशारी घरी आली, मामूलची, खजूर भरलेल्या बिस्किटांची, टोपली घेऊन. अरीजला मागणी घालायला! मुलगा मिशारी, तिशीचा, ‘संगणकाचं बघतो’. मी गोड बोलून सांगितलं, पोरीचं ठरलंय. तीही गोड हसली. म्हणाली, ठरलेलं काय, मोडतंही. मग अरीजच्या गालावरून हात फिरवून विचारलं, पोरी, ते झटके अजून येतात का गं?

टोपली तशीच पडली आहे. अरीजला मिरगी आहे हे मला, तुर्कीला आणि डॉक्टरला ठाऊक. सत्तामला ती स्वतः सांगणार होती, योग्य वेळ बघून. चौथं माणूस नाही.

२१ शव्वाल, मंगळवार

सत्तामच्या आईचा फोन आला. लग्न पुढे ढकलू या म्हणाली, घाई कशाला, पोरीची प्रकृती आधी. शेवटी आवाज बदलला. म्हणाली, आणि तुमच्या अरीजला सांगा, या प्रेशर कुकरची शिट्टी वाजली!

अरीज तिला प्रेशर कुकर म्हणते. फक्त मला, फक्त फोनवरच्या निरोपांत. एरवी मी लोळून हसले असते. अरीज खोलीत जाऊन बसली आहे, जेवली नाही. तिचा फोन त्या भिंतीत सहा तास होता, आणि तो मी ठेवला.

२३ शव्वाल, गुरुवार

दुपारीच हॉलवर गेले. झाडायच्या निमित्ताने कपाटाची खालची फळी सरकवली. तारा विजेच्या बटणाकडे जातच नाहीत. सगळ्या एकत्र बांधून भिंतीच्या भोकातून पलीकडे गेल्यात, विजेच्या खोलीत. ती खोली कायम बंद. सल्हा मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, तिचं दार मागच्या गल्लीत आहे, आत मिशारी बसतो, त्याला कहवा मीच देते, किल्लीही माझ्याकडे असते. त्यांना वाटतं तो दिव्यांचं बघतो.

आज रात्री पुन्हा दारात उभी राहिले. हो दाबा म्हणायला तोंड उघडेना. उम्म मिशारी बाजूला येऊन उभी राहिली, हसत. मग म्हटलं. दीडशे वेळा म्हटलं. थू माझ्या तोंडावर!

२४ शव्वाल, शुक्रवार

मिशारी जुम्म्याच्या नमाजाला गेला, तेवढ्यात सल्हा मावशींनी दार उघडून दिलं आणि स्वतः गल्लीत उभ्या राहिल्या.

आधी वास आला. ऊद जाळलेला, त्याखाली पायमोज्यांचा, त्याखाली सडलेल्या जेवणाचा. जमिनीवर टरबुजाच्या बियांची टरफलं, चपलेखाली चिकटणारी. कीबोर्डवर तेलकट बोटांचे ठसे. आणि पडद्यावर बायका. आपल्या बायका, शेजारणी, बिल्ला घेताना मला दुआ देऊन गेलेल्या. नाव, घराणं, वय, वजन. कोण कुणाशी काय बोलते. फोन कधीच घरी गेलेले, तरी पडद्यावर आजचे निरोप येतच होते. कुणाला मूल होत नाही. एका आईने आपल्या मेलेल्या बाळाचा कफनातला फोटो जपून ठेवला होता, तोही इथे, क्रमांक घालून.

मी तिथेच कोपऱ्यात ओकले.

‘अरीज, खण बारा.’ दवाखान्याचे कागद, सगळे निरोप, उघड्या केसांचे फोटो. खाली तीन नावं, ज्यांना ही माहिती दिली त्यांची. पहिलं सत्तामच्या आईचं. म्हणजे हीच त्या म्हातारीची स्थळं! लेकासाठी सून हवी त्या आयांना ती पोरींची चिरफाड विकते, आणि वर म्हणते अब्रू. चौथ्या ओळीत नाव नव्हतं, नुसतं लिहिलं होतं: घरासाठी राखून ठेवलेली. बकरा राखतात तशी!

‘जवाहिर, खण एक’ असंही होतं. उघडलं नाही. माझ्यात काय मिळणार त्यांना, वाण्याची यादी आणि मळ्याचे फोटो.

ज्यात सगळं साठवतात ती काळी डबी उपसून आणली. अरीजला सांगितलं नाही, घाबरेल. तांदळाच्या पिंपात, पार तळाशी ठेवली आहे. तुर्की सोमवारी रजेवर येतोय, मग सरळ पोलिसांत. पन्नास वेळा हात धुतले. तेलकटपणा जात नाही.

२६ शव्वाल, रविवार

अरीज कॉलेजात, मी बाजारात. तासभरच. परत आले तर स्वयंपाकघरभर तांदूळ. डबी नाही. बाकी एका वस्तूला हात लावलेला नाही, सोनं तसंच. सरळ पिंपापाशी आला आणि गेला. न लागणाऱ्या खिडकीतून.

तांदळात बुटाचे ठसे. आणि टरबुजाच्या बियांची टरफलं. इथे उभा राहून खात होता. आमच्या चुलीपाशी.

सुताराला बोलावून खिडकीवर फळ्या ठोकल्या. अरीजवर ओरडले, कुणाला बोललीस? ती म्हणते, मला डबी माहीतच नव्हती. खरंच आहे. सल्हा मावशींना डबी माहीत, पण पिंप नाही. मग कोण?

ताई, आता तू माझ्यावर पण संशय घेणार का, असं म्हणून अरीज रडली आणि पडली. झटका. चार महिन्यांनी पहिला.

२७ शव्वाल, सोमवार, सकाळ

उम्म मिशारीचा फोन आला. मधासारखा आवाज. डबीचं नाव नाही, चोरीचं नाव नाही. म्हणाली, पोरी, उंटाला शिंगं फुटली म्हणून माजू नये. आणि औषधाने फोन पुसायचं सोड, तुझ्या मनातली किळस पुसली जात नाही.

उंटाची शिंगं. हे अरीजचं वाक्य, आमच्या चुलीपाशी बोललेलं. भिंतींना कान आहेत का या घराच्या —

मी थांबत नाही. एकटीच चालले पोलिसांत. अरीज गोळी घेऊन झोपली आहे, दुपारपर्यंत हलणार नाही, घंटाही ऐकू येणार नाही. तुर्कीचं विमान बाराला उतरतं. दार बाहेरून लावलं आणि किल्ली जिन्यातल्या गुलाबाच्या कुंडीखाली ठेवली, म्हणजे त्याला आत जाता येईल. त्याचा फोन बंद आहे, विमानात असेल. उतरला की सांगते.

त्याच दिवशी, सव्वाअकरा

बायकांच्या बाकावर बसवलंय. नंबर सातवा. पुढची बाई आपल्या फोनवर काहीतरी हो दाबतेय, न वाचता. ओरडावंसं वाटलं.

नंबर यायला वेळ आहे म्हणून लिहितेय. लिहिलं की बरं —

औषधाने फोन पुसते हे सल्हा मावशींनी पाहिलंय. पण किळस? किळस येते हे मी कुणाला बोलले?

उंटाची शिंगं. पाच तारखेला लिहिली होती.

खिडकी नीट लागत नाही. तीही लिहिली.

पिंप. तळाशी. अरीजला नाही सांगितलं, मावशींना नाही, कुणालाच —

खण एक. या अल्लाह. माझंही बोट. पहिल्याच दिवशी, हो.

मी घाण आहे. सगळं मीच दिलं त्यांना, आकडा टाकून, रोज —

अरीज उचलत नाही. झोपली असेल. गोळी घेऊन. घंटाही ऐकू — तेही लिहिलंय —

पुन्हा लावला. आता कुणीतरी उचलला. बोलत नाही. काहीतरी चावतंय. बिया.

किल्ली. तुर्कीला अजून सांगितलेलं नाही. कुंडीखाली आहे हे मी कुणालाच नाही, फक्त इथे लि