पडद्यामागे पुरुष बसतील

मी, श्रीमती शीला दिनकरराव दुधाटे, वय पंच्याहत्तर, बी.ए., निवृत्त शिक्षिका, राहणार पालम, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून लिहीत नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. माझा मुलगा भागवत याने गेल्या महिन्यात त्याबद्दल शंका काढली, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. पालम येथील घर मी माझ्या पगारातून बांधले. ते वडिलोपार्जित नाही. मागच्या तीन खोल्या, स्वयंपाकघर व गच्ची भागवतला द्यावी.

२. दर्शनी मोठी खोली, तीतला पडदा, प्रोजेक्टर आणि अकरा कृष्णधवल सिनेमांची रिळे शिवकन्या बालाजी देवकते हिला द्यावीत. तिच्या घरी शेळ्यामेंढ्या आहेत, तिचा सिनेमाशी काय संबंध, असे लोक विचारतील. रीळ न तोडता चढवता येणारी माणसे या गावात दोनच आहेत. त्यांतली एक हे मृत्युपत्र लिहीत आहे.

भागवतला त्या खोलीत मोबाईलची दुकाने काढायची आहेत. तो म्हणाला, "आई, कोण बघायलंय आता हे? सगळं फोनमधी हाय. रंगीत करून बी मिळतंय."

मी विचारले, "रंगीत केल्यावर तुला काय दिसतं?"

"साडी लय भारी दिसती."

"तू साडी बघ. मी चेहरा बघते."

दर गुरुवारी चार वाजता, खिडक्या लावून, मी खेळ दाखवते. तीस-चाळीस बायका येतात. त्यांतल्या निम्म्यांना नटांची नावे माहीत नाहीत आणि ते नट मरून किती वर्षे झाली हेही माहीत नाही. तरी कोणी मध्येच उठत नाही.

३. मृत्युपत्रात कारण द्यावे लागत नाही. मी देते.

मी नऊ वर्षांची असताना राणीसावरगावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला. पुरुष पडद्यासमोर आणि बायका पडद्यामागे, अशी रीत होती. पातळ कापडातून चित्र मागेही दिसे, पण आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटे. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. नायिका खिडकीशी बसून पत्र लिहीत होती. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, आणि लेखणी डाव्या हातात. मी डावखुरी. त्याच सकाळी डाव्या हाताने जेवले म्हणून वडिलांनी माझ्या बोटांवर पट्टी मारली होती.

शेजारी शिवकन्येची आजी भिवराबाई बसली होती, तेव्हा तेरा वर्षांची. तिने मला ढोसले. "शीले, बघ की! डाव्या हातानं लिहायलीय. अन् उजवीकडून डावीकडं. उर्दू हाय ते."

निजामाचे राज्य जाऊन फार वर्षे झाली नव्हती. आम्हाला ते सहज पटले.

"एवढी मोठी बाई डावरी हाय," भिवराबाई म्हणाली, "अन् तिला कोण मारायलंय? तू बी मार खा, पर हात बदलू नको."

मी मार खाल्ला. हात बदलला नाही.

पुढे परभणीला कॉलेजात असताना तोच सिनेमा समोरून पाहिला. उजवा हात. साधी हिंदी. मी रडले नाही. डाव्या हाताने लिहीत मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचले होते. आता ती बाई उजवी निघाली तर तो तिचा प्रश्न.

४. माझ्या खोलीत बायका समोर बसतात आणि पुरुष पडद्यामागे. हा नियम शिवकन्येने बदलू नये, आमदार आले तरी. पहिल्या दिवशी आमच्या दिनकररावांनी विचारले होते, "बाईसाहेब, नवऱ्याला तरी समोर जागा?" मी नाही म्हटले. ते हसले आणि मागे जाऊन बसले. पुढे शेवटच्या आजारापर्यंत तिथेच बसले. त्यांची खुर्ची हलवू नये.

रंगवलेली प्रत या खोलीत लावू नये. एखाद्या रिळाला आंबूस वास येऊ लागला तर त्याची लागण इतरांना होते, म्हणून ते वेगळे ठेवावे, फेकू नये.

५. मी फळ्यावर डाव्या हाताने लिहिते, मुलींवर वाईट संस्कार होतात, अशी लेखी तक्रार मुख्याध्यापक माणिकराव यांनी १९७९ साली वर पाठवली होती. तिची प्रत कपाटात आहे. ती चौकटीत घालून पडद्याशेजारी लावावी. माणिकराव वारले. तरी लावावी.

६. भागवतला हे मान्य नसेल तर त्याने कोर्टात जावे. तारखा पडत राहतील; गुरुवारी चारचा खेळ चुकू नये.

७. दिनकररावांची खुर्ची मी भागवतला देते. ती मागच्या खोल्यांत न्यायची नाही, पडद्यामागे तिथेच बसायचे. त्याने आजवर अकरांतला एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाही. जत्रेतला तो सिनेमाही त्या अकरांत आहे; एकदा वडिलांच्या जागेवर बसून ते पत्र लिहिणे बघावे. मागून हात उलटा दिसतो. चेहरा तोच दिसतो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर डाव्या हाताने सही केली.

शीला दिनकरराव दुधाटे

साक्षीदार:
१. किशनराव खटिंग (पडद्यामागे बसणारे)
२. बबिता रोकडे (समोर बसणारी)

ठिकाण: पालम
गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५, दुपारी तीन. खेळाला तास आहे.