लाल दुपट्टा

सौंसर

प्रिय सागर,

तुझी कादंबरी वाचून झाली. सुनेनं, शीतलनं, मोबाईलवर अक्षर मोठं करून दिलं, तरी डोळे दुखून राहिले. छापायच्या आधी त्या काळातलं काही चुकलं असेल तर सांग म्हणाला होता, म्हणून सांगते. रुसू नको.

संत्र्याच्या मुलखातला पोरगा तू, अन् पोळ्याले संत्री पिवळी करतो? बाबा असते तर कपाळावर हात मारला असता. पोळ्याले फळ हिरवंच असते रे. अन् ट्यूबलाइट कुठून आणली? आपल्या घरी कंदील होता, त्याची काच पुसायचं काम माझं. मायच्या रोट्या तव्यावरच्या नव्हत्या, उपड्या मडक्यावरच्या. दोन्ही हातांवर झेलत झेलत ती रोटी कोपरापर्यंत मोठी करायची. तू तरी कुठून लिहिशील म्हणा. माय गेली तेव्हा तू रांगून राहिला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कपाशीत तिले साप डसला. दवाखाना पांढुर्ण्याले, अन् वाटेवर नाल्याले पूर. बाबांनी तिले उचलून तिगावच्या अलीकडं, रुळांपाशी आणलं. तुझ्या पुस्तकात ते लाल दुपट्टा हलवतात, नागपूरची एक्सप्रेस थांबते अन् माय वाचते. तू बाबांच्या खांद्यावर जन्मभर लालच दुपट्टा पाहिला, म्हणून तसं लिहिलं. लग्नातही तोच असे, लोक हसत. पण त्या दिवशी तो पांढरा होता, सागर. बाबा रुळांमधून धावत हलवत होते. शेवटी त्यांनाच बाजूला उडी मारावी लागली. मायचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गाडी गेली, अन् जरा वेळानं मायही गेली. लाल दुपट्टा बाबांनी त्यानंतरच्या बाजारात घेतला. का घेतला, हे कोणाले बोलले नाहीत. मीही कधी विचारलं नाही, मले माहीतच होतं.

गुलाबकाकाही तुझं पुस्तक वाचून राहिले. त्या दिवशी ते तिथं होते. ते तुले फोन करतील, दुपट्टा पांढरा कर, खरं ते लिही म्हणतील. त्यांच्या आधी हे पत्र पोचावं म्हणून आजच टाकून राहिली. संत्री हिरवी कर, ट्यूबलाइट काढ, रोट्या मडक्यावर घे. दुपट्ट्याले मात्र हात लावू नको. एकदा तरी ती गाडी थांबू दे रे बाबू.

तुझीच,
वत्सलाताई